पहिल्या मुठीचा हात

माझ्या सासऱ्यांचा चेहरा मी लग्नानंतर कितीतरी वर्षं नीट पाहिलाच नव्हता. खोटं वाटेल, पण तेव्हाची आमच्याकडची रीतच तशी होती. सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, मान वर करायची नाही आणि त्यांच्या अंगाला चुकूनही हात लागू द्यायचा नाही. जेवण वाढायचं तेसुद्धा वाकून, ताटाकडे बघत. त्यामुळे मामंजी म्हणजे मला दोन हात आणि दोन पाय, एवढेच काय ते ओळखीचे. हे सांगितलं की माझ्या नाती हसतात. हसू देत. मलाही त्या रीतीचा तेव्हा भारी संताप यायचा. पण खाली मान घालून वावरायला लागलं म्हणूनच मामंजींचं दुखणं घरात सगळ्यांच्या आधी मला दिसलं, हेही तितकंच खरं आहे.

माहेर माझं महाडचं, सावित्रीच्या काठावरचं. पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांनी लग्न होऊन मी कापड्याच्या अलीकडे एका वाडीत आले. भाताची शेती, दोन बैल, एक मारकी म्हैस. नवरा मुंबईला गिरणीत. तो शिमग्याला यायचा आणि गणपतीला यायचा, म्हणजे संसार मी सासू-सासऱ्यांबरोबरच केला म्हणा ना.

वाडीत मामंजींना मान होता तो त्यांच्या हाताचा. आमच्याकडे भाताची रोपं करायला शेण, कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा पसरून जमिनीचा एक तुकडा भाजतात, त्याला राब म्हणतात. रोहिणी नक्षत्रात, पाऊस यायच्या आधी, त्या कोरड्या मातीत बी पेरायचं. आणि प्रत्येक घरच्या राबात पहिली मूठ टाकायची ती मामंजींनी. त्यांचा हातगुण चांगला, असं सगळे मानत. मूठ उघडताना त्यांचं मनगट असं काही फिरायचं की बी जाळं फेकल्यासारखं पसरायचं, कुठे ढीग नाही, कुठे जागा रिकामी नाही. त्या एका दिवशी मामंजी वाडीचे राजे असायचे. इतर दिवशी सासूबाई त्यांना राजा वगैरे काही होऊ देत नसत.

पहिल्यांदा गेलं ते नाक. हे मला फार पुढे कळलं. मी चुलीवर सुकट भाजत होते, वास खालच्या आळीपर्यंत गेला असेल, आणि ओटीवरून मामंजी विचारतात, "आज कालवणाला काय नाय वाटतं?" सासूबाई म्हणाल्या, "म्हातारपणी नाकसुद्धा कामाला कंटाळलं ह्यांचं." आम्ही दोघी हसलो आणि विसरलो.

मग एके दुपारी भात वाढताना मला त्यांचा उजवा हात दिसला. मांडीवर नुसता ठेवलेला. आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता, तंबाखू मळावी तसा. हातात तंबाखू नव्हती. मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्या, मामंजींनी तंबाखू धरली का?"

"त्यांनी? जन्मात हात नाय लावला. का गो?"

"उगाच," म्हणाले मी. पण रोज बघायला लागले. हात रिकामा असला की अंगठा फिरायचा. भाताचा घास उचलला, पाण्याचा तांब्या धरला, की लगेच थांबायचा. शेतावर जाताना मी त्यांच्या मागून, टोपली घेऊन, चार हात अंतर ठेवून चालत असे. तेव्हा दिसलं की डावा हात चालण्याबरोबर हलतो आणि उजवा नुसता लोंबतो. मग खांदा धरला. सगळ्यांनी वात म्हटलं, तेल चोळलं, निवडुंग बांधून झाला. वर्ष गेलं. अंगठ्यावरून कंप सगळ्या पंजात आला, आणि आता तो दिसायला कुणाला मान खाली घालायची गरज राहिली नाही.

त्या शिमग्याला देवळापुढच्या पटांगणात पालखी बसली होती. गावकीची मंडळी रांगेनं बसलेली, त्यांत मामंजी. गुडघ्यावर ठेवलेला हात थडथडत होता. त्यांच्या हातात नारळ दिला, थडथड थांबली. नारळ खाली ठेवला, पुन्हा सुरू. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गावकीतले सर्वांत वयस्क गृहस्थ, त्यांना सगळे बुवा म्हणत, ते पुढे सरकले आणि हात जोडून म्हणाले, "वारं आलंय. देव हातावर उतरलाय."

देव अंगात येणारी माणसं आमच्याकडे नवी नव्हती, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही, उलट आनंदच झाला. एकानं तिथल्या तिथे विचारलंसुद्धा, माझी गाय दोन दिवस आली नाय, येईल का? आता सगळं गाव टक लावून बघतंय म्हटल्यावर त्या हाताचा कंप वाढणारच. तो वाढला. देवानं होकार दिला. गाय संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात आली, कारण गाई येतातच. पण झालं, दुसऱ्या दिवसापासून ओटीवर नारळ यायला लागले. कुणाला मुलगा होईल का विचारायचं, कुणाला मुंबईत नोकरी लागेल का. बुवांचं म्हणणं, मामंजींनी आता देवळात पाटावर बसावं, नांगराला हात लावू नये, शेताचं काम वाडी करून देईल.

मामंजींनी एकदा सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात माझा हाय. देवाला पायजे आसंल तर देवानं सोताचा आनावा."

मी दाराआड उभी होते. इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. सासूबाईंचं मात्र भीतीनं पाणी पाणी झालं. त्यांनी देवासमोर नाक घासलं, पण बोललेला शब्द काही परत घेता येईना. आणि त्या दिवसापासून मामंजींचं जे जे बिघडलं ते ते ह्या एका वाक्याच्या खाती जमा झालं.

रोहिणीत लोक बिचकत बिचकत त्यांना राबावर घेऊन गेले. हात थरथरत होता. मुठीत बी घेतलं आणि कंप गेला. मनगट फिरलं, बी पसरलं. "बगा," एवढंच म्हणून ते पुढच्या राबाकडे गेले.

दुखणं मात्र दमानं, पण पुढे सरकत होतं. भाताची लावणी करताना माणूस मागे मागे सरतो. एका पावसाळ्यात मामंजी मागे सरताना तोल जाऊन चिखलात बसले. सगळे हसले, ते स्वतःसुद्धा. पुढच्या खेपेला कुणी हसलं नाही. त्यांना पुढे जाता येत होतं, पण मागे सरायचं म्हटलं की अंग ऐकत नव्हतं, कुणी ढकलल्यासारखे ते पाठीवर जायचे.

गणपतीला माझे यजमान आले, त्यांनी बापाची चाल बघितली. "फिकर नको, महाडला डॉक्टरला दाखवू," म्हणाले. एसटीनं आम्ही तिघं गेलो. मी माहेरच्या निमित्तानं. डॉक्टरांनी मामंजींना चालवलं, वळायला लावलं, बोटं उघडझाप करायला सांगितली. कोपर धरून हात हळूहळू वाकवला तर तो अडत अडत वाकत होता. मग त्यांनी सांगितलं, हा कंपवात, इंग्रजीत पार्किन्सन म्हणतात. देव नाही, शाप नाही, कुणाचं पाप नाही. मेंदूतला एक लहानसा भाग थकत चाललाय.

मला त्या डॉक्टरांचं एक आवडलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. एका बाजूला सुरू झालंय ते दुसऱ्या बाजूला जाईल. पावलं लहान होतील. आवाज बारीक होईल. चेहऱ्यावरचे भाव कमी होतील. पुढे कधीतरी घास गिळायला वेळ लागेल, कुशीवर वळायलाही माणूस लागेल. कुणाचं भराभर होतं, कुणाचं वर्षानुवर्षं चालतं. गोळ्यांनी कंप थोडा कमी होईल, तोंड कोरडं पडेल. रोग थांबवणारं औषध आज माझ्याकडे नाही.

मामंजींनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पेरता येईल ना?"

"येतंय तोवर एक दिवससुद्धा सोडू नका," डॉक्टर म्हणाले. "सोडलंत की लवकर जाईल."

एसटीत मामंजी पोलादपूर येईपर्यंत बाहेरच्या शेतांकडे बघत होते. मग मुलाला म्हणाले, "मानूस सरळ हाय. मला पटला."

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं तसंच होत गेलं, फक्त आपापल्या वेळेनं. पुढच्या वर्षी डावा हातही थरथरायला लागला. बंडीची बटणं लावता येईनात, तर त्यांनी सासूबाईंकडून बंद शिवून घेतले. पूर्वी सगळ्यांच्या आधी जेवून उठणारे, ते आता ताट थंड होईतो बसायचे, पण भरवू देत नसत. आवाज इतका बारीक झाला की सासूबाई म्हणायच्या, "ह्यांच्याशी भांडायची मजाच गेली. काय शिव्या देतात तेसुद्धा ऐकू येत नाय." आणि म्हणायच्या, "सदान् कदा तोंड पाडून बसलेले. माझ्यावर कशाचा राग धरलाय कुणास ठाऊक." त्या एरवी बोलायला तिखट, पण हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी तो चेहरा पाहिलाच कुठे होता!

पायांचं मात्र मला पक्कं ठाऊक होतं. पावलं आखूड झाली होती, टाचा उचलत नव्हत्या. वळताना माणूस एका झटक्यात वळतो तसे न वळता ते थोडं थोडं करून वळायचे. आणि मग ते अडायला लागले. दाराशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. गुडघे थरथरायचे, अंग पुढे जायचं, पाऊल उठायचं नाही.

एकदा सासूबाई गुरांमागे गेलेल्या. मी माजघरात भात कांडत होते आणि मामंजी ओटीवरून आत येताना दारात अडकले. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, रीतीप्रमाणे. वाट बघतेय, पण पायांचा आवाज पुढे येईना. हात धरायची सोय नाही. शेजारच्या बाईला हाक मारावी म्हणून मी हातातलं मुसळ घाईनं खाली टाकलं, ते गडगडत त्यांच्या पायांपुढे आडवं जाऊन पडलं. आणि मामंजींनी पाय उचलला. चांगला उंच उचलला, मुसळ ओलांडलं आणि चार पावलं धडधाकट माणसासारखी टाकून आत आले.

आम्ही दोघंही जागच्या जागी थबकलो.

"परत ठेव गो," मामंजी म्हणाले.

मी ठेवलं. ते ओलांडून गेले. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेले. दुपारभर तो एकच खेळ. कांडायचा भात तसाच राहिला आणि त्याबद्दल सासूबाईंची बोलणी खाल्ली, पण इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. त्यांचे पाय गेले नव्हते. सपाटीवर त्यांना सुरुवात सापडत नव्हती एवढंच. ओलांडायला काही दिलं की सापडत होती.

दुसऱ्या दिवशी मी बांबूच्या कामट्या चिरल्या आणि जमीन सारवताना पावला-पावलाच्या अंतरावर आडव्या बसवल्या, ओटीपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून मागच्या दारापर्यंत. मामंजी त्यावरून चालायला लागले. यजमानांनी पुढच्या खेपेला महाडला जाऊन डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, छान, आणखी बसवा. वाडीतल्या बायका मात्र दारातून डोकावून म्हणायच्या की सुनेनं घरात उतारा मांडलाय. मी म्हणायचे, हो, तुम्हीपण ओलांडून बघा, कंबर बारीक होईल.

बाहेर मात्र कामट्या कुठे बसवणार? बांध, पायऱ्या, नांगरलेली ढेकळं, असल्या वाकड्या वाटांवर त्यांना अडचण नव्हती. अडचण सगळ्या सपाटीची. आणि आमच्या वाडीत सपाट जागा एकच, देवळापुढचं पटांगण. शेताची वाट तिथूनच. मामंजी हमखास तिथे अडायचे, नेमके देवाच्या समोर. मग लोक काय म्हणणार ते सांगायला नको.

त्या वर्षी रोहिणीच्या आधी बुवा घरी आले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे आज मला कळतं. ते घाबरलेले होते. म्हणाले, "देवानं पाय बांधलेत. बांधलेल्या मानसाची मूठ वाडीच्या बियाला नको. अजून येळ हाय, बसा पाटावर, माफ व्हईल."

ते गेल्यावर सासूबाई रडायलाच लागल्या. "बसा की एकदा. तुमचं काय जातंय?"

"बसलो की मला उठवील कोन?" मामंजी म्हणाले. मग एकेक शब्द जुळवत, "वाडीची मूठ ऱ्हाऊ दे. माज्या राबात मी टाकनार. चालत जानार."

पेरणीच्या दिवशी सकाळीच निघालो. पुढे मामंजी, मागे सासूबाई, त्यांच्या मागे डोक्यावर बियाची पाटी घेऊन मी. पटांगणात गावकी आधीच बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं, पण सगळी वाडी आलेली, कारण आज काय ते ठरणार हे सगळ्यांना माहीत होतं. मामंजी पटांगणाच्या अर्ध्यात गेले आणि अडले. पाय थरथरायला लागले. हातही. बुवा उठले, देवळाच्या पायरीवर पाट आणून ठेवलेलाच होता, त्याकडे हात करून म्हणाले, "बगा. देवानं धरला. आना त्यांना." दोन माणसं पुढे झाली. सासूबाईंनी तर डोळे मिटून हात जोडले.

"नाय," मामंजी म्हणाले. तो आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. मला गेला, कारण त्या आवाजाची मला सवय होती.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. आजही आठवलं की उडतो. मी पाटी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला, त्या दोन माणसांना बाजूला सारून मामंजींच्या समोर जाऊन उभी राहिले. काठी नाही, कामटी नाही, मुसळ तर घरी. मग मी माझा पाय त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवला. सुनेनं सासऱ्यापुढे पाय घातला, तोही देवाच्या दारात! बायकांतून एकदम "अगो बया!" असा आवाज उठला. मी ऐकलंच नाही. मामंजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मामंजी, ओलांडा."

त्यांनी पाय उचलला. ओलांडलं. मी पाऊल मागे घेऊन पुन्हा आडवं ठेवलं. पुन्हा ओलांडलं. अशी मी मागे मागे सरत होते, लावणीत सरतात तशी, आणि ते पुढे येत होते. मान माझी सवयीनं खालीच होती.

"वर बग गो," मामंजी म्हणाले. "पडशील."

मी वर बघितलं. त्यांचा चेहरा मी असा पहिल्यांदाच समोरून पाहिला. गालावरची एक रेघ हलत नव्हती. डोळे उघडे, पापणी मिटत नव्हती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळलेली. दगडाचा असतो तसा चेहरा. वाटलं, रागावले. चारचौघांत सुनेनं हात धरला, पाय आडवा घातला, आता काही खरं नाही. पण हात सोडले नाहीत. पटांगण संपलं, वाट आली, वाटेवरच्या दगडधोंड्यांतून ते आपले आपण चालले.

राबावर आल्यावर त्यांनी पाटीत हात घातला. मूठ भरली. पूर्वीसारखं मनगट फिरलं नाही, बी दूर गेलं नाही, बरंचसं पायाशीच पडलं. त्यांनी दुसरी मूठ घेतली. ती थोडी पुढे गेली. तिसरी आणखी. सासूबाई बांधावर उभ्या राहून मोठ्यानं रडत होत्या आणि मध्येच मला ओरडत होत्या, "पाटी नीट धर गो!"

वाडी मागोमाग आली होतीच. शेजारच्या राबाची मालकीण, जी मला उतारा मांडला म्हणून चिडवायची तीच, बुवांकडे न बघता मोठ्यानं म्हणाली, "आमच्या राबात कवा येनार?"

मी मामंजींकडे पाहिलं. चेहरा तसाच, दगडाचा. मला राहवेना. "मामंजी, रागावलात का माझ्यावर?"

त्यांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं. धरलेला हात कापत नव्हता. "हसतोय मी गो," ते म्हणाले. "पटांगनापासनं हसतोय."

तिकडे जायला वळताना त्यांचे पाय पुन्हा अडले. मी पाटी काखेत घेतली आणि शेजारच्या राबाकडे पाठ करून त्यांच्या पुढ्यात पाय आडवा ठेवला.